उतरवताना चूक

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक बाई माझ्या घरी आली. तिशीच्या आतबाहेरची असेल. जिल्हा परिषदेत काही काम होतं, ते उरकून विचारत विचारत धाराशिवच्या आमच्या गल्लीपर्यंत पोचली होती. मी व्हरांड्यात पेपर वाचत बसलो होतो. निवृत्त शिक्षकाकडं माणसं येतात ती बहुधा कशावर तरी सही घ्यायला, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला. हिनं कापडी पिशवीतून झेरॉक्सचा एक गठ्ठा काढला, स्पायरल बाइंडिंग केलेला, आणि माझ्यासमोर धरला.

“सर, ह्या नोट्स तुमच्याच ना?”

वर माझं नाव होतं. अक्षर माझं नव्हतं. गोल, सुटं, रेघेवर नीट बसलेलं ते अक्षर मी कुठंही ओळखलं असतं.

“माझं माहेर येरमाळ्याजवळ,” ती म्हणाली. “तिथं हायवेच्या कडंला झेरॉक्सचं दुकान हाय. दहावीची सगळी पोरं ह्याच नोट्स घेतात. म्या बी घेतल्या हुत्या. आता आमच्या आत्या दहावीला बसायल्यात, सतरा नंबरचा फॉर्म भरून. म्हणून माहेरून आणल्या.”

आत्या म्हणजे तिची सासू. शाळा मध्येच सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा देता यावी म्हणून जो फॉर्म भरतात, तो सतरा नंबरचा. मी म्हणालो, चांगली गोष्ट आहे, वय काय त्यांचं?

“पन्नाशीला टेकल्यात. गणितात माझ्या फुडं हायत.” मग तिनं खूण घालून ठेवलेलं एक पान उघडलं. “हे पान बघितलं अन् आत्यांनी बाड माझ्या हातातनं ओढून घेतलं. मग म्हणल्या, हे अक्षर माझं हाय. मला वाटलं चेष्टा करतात. म्या खालचा शेरा दाखवला. म्हणलं, मग ही चूक बी तुमचीच का? तर म्हणल्या, सरांना इचार.”

ती माझ्याकडं बघत थांबली.

पानावर मथळा होता ‘ॲडव्हर्बियल’, इंग्रजी व्याकरणातला. खाली एक नियम, त्याखाली दोन ओळी, त्या दोन्हींवर पट्टी लावून मारलेली एकेक सरळ रेघ. आणि सगळ्यात खाली वेगळ्या, तिरक्या अक्षरात शेरा: ‘उतरवताना चूक. विद्यार्थिनीने काळजीपूर्वक लिहावे.’ पुढं सही. मूळ शेरा लाल शाईतला होता. झेरॉक्समध्ये तो काळा पडला होता, पण शब्द न् शब्द वाचता येत होता.

“फार जुनी गोष्ट आहे,” मी म्हणालो. “आता काही आठवत नाही.”

तिनं नोट्स मिटल्या, चहा घेतला, व्याकरणातल्या दोन शंका विचारल्या. जाताना म्हणाली, “आमी सास्तूरला असतो. कवा तिकडं आलात तर या.”

मला सगळं आठवत होतं. ते आता लिहून ठेवतो.

मी नोकरीला लागलो ती शाळा कळंब तालुक्यात, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका गावात होती. इंग्रजी शिकवायला मला घेतलं होतं, पण माझं इंग्रजी बी.एड.च्या वह्यांइतकंच होतं. मुलं लांबून चालत यायची. सुगीत निम्मा वर्ग रिकामा. कुणाचं काही बुडू नये म्हणून मी एक पद्धत पाडली होती, आदर्श वहीची. मी फळ्यावर लिहायचं, वर्गातल्या सगळ्यात चांगल्या अक्षराच्या मुलानं ते एका वहीत उतरवायचं, आणि ती वही सुतळीनं खिळ्याला टांगून ठेवायची. जो गैरहजर राहील त्यानं त्यातून लिहून घ्यायचं. वर्ष संपलं की वही पुढच्या वर्गाला. या वहीचा एक कडक नियम होता. चूक झाली तर गिरगटायचं नाही. पट्टी लावून एकच रेघ मारायची. खाली काय होतं ते दिसलं पाहिजे, म्हणजे पुढचा तीच चूक करत नाही. हा नियम मला फार आवडायचा. शिक्षक मेळाव्यात मी तो सांगायचो.

त्या वर्षी वही लिहायची ती एका मेंढपाळाची मुलगी. बाप मेंढरं घेऊन फिरतीवर असायचा, आई आणि ती गावात राहत. दोन वेण्या, निळा फ्रॉक, आणि ते अक्षर. खाली मान घालून लिहायची. पण शंका आली की मान वर यायची आणि शंका विचारल्याशिवाय खाली जायची नाही.

वाक्यात कधी, कुठं, कसं, कशासाठी हे सांगणारा जो भाग असतो तो ॲडव्हर्बियल. ते शिकवायला मी अंगठ्याची युक्ती काढली होती. फळ्यावर लिहायचो, ‘द गर्ल्स सँग लाउडली इन द टेम्पल यस्टरडे’. मग ‘यस्टरडे’वर अंगठा ठेवायचा. वाक्य उभं आहे? आहे. ‘इन द टेम्पल’ झाका. उभं आहे? आहे. ‘लाउडली’ झाका. ‘द गर्ल्स सँग’, मुली गायल्या, तरी वाक्य पूर्ण. मुलं खूश होऊन आपापल्या पुस्तकावर अंगठे ठेवत सुटायची. असा जो भाग काढून घेतला तरी वाक्य पडत नाही, त्याला ॲडजंक्ट म्हणतात. इथवर सगळं बरोबर होतं. पण मी त्यापुढं गेलो आणि फळ्यावर नियम लिहिला: प्रत्येक ॲडव्हर्बियल हा ॲडजंक्ट असतो, तो केव्हाही काढता येतो.

मान वर आली.

“सर, माझा मामा सोनारीला राहतो.”

वर्ग हसला. मी म्हणालो, “बरं मग?”

“माय अंकल लिव्ज इन सोनारी. ह्यातलं ‘इन सोनारी’ झाकलं तर राहतंय ‘माय अंकल लिव्ज’. म्हणजे मामा जिता हाय, एवढंच कळतंय.”

“जिता हाय हे बी बरंच की,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. आता सगळेच हसायला लागले, मीही हसलो. ती थांबली नव्हती.

“आन् ‘आय पुट द पॉट ऑन द फायर’. ‘आय पुट द पॉट’ म्हणून थांबलं तर पॉट हातातच राहतंय, सर.”

हसणं आता माझ्याकडं वळलंय असं मला वाटलं. कदाचित वळलंही नसेल. मी म्हणालो, “परीक्षेत तुझा मामा येणार नाही. फळ्यावर आहे तेवढं लिही.”

दुपारी खिळ्यावरची वही काढून बघितली. तिनं माझा नियम लिहिला होता, आणि खाली आपल्या दोन ओळी: काही वाक्यांत हा भाग काढता येत नाही, आणि उदाहरण म्हणून मामा. मी तिला बोलावून म्हणालो, “हे खोड.” तिनं कंपासपेटीतून पट्टी काढली आणि दोन्ही ओळींवर एकेक रेघ मारली. नियमाप्रमाणं. खाली काय होतं ते दिसत राहिलं.

त्या शनिवारी घरी बी.एड.ची जुनी वही चाळली. त्यात वाक्यांचे साचे दिले होते, आणि काही साच्यांत हा स्थळ सांगणारा भाग कर्त्या-क्रियापदाइतकाच आवश्यक म्हणून मांडला होता. राहणं, ठेवणं अशी क्रियापदं त्याच्याशिवाय अर्धीच राहतात. म्हणजे सगळे ॲडजंक्ट हे ॲडव्हर्बियल असतात, पण सगळे ॲडव्हर्बियल ॲडजंक्ट नसतात. मी हे शिकलो होतो आणि विसरलो होतो. ती न शिकता, मामाकडं बघून ओळखत होती. मी वही मिटली. सोमवारी वर्गात दुसराच धडा घेतला. मंगळवारीही. दुरुस्त करायला माझ्याकडं चार दिवस होते.

पाचव्या दिवशी तपासणी आली. आलेले साहेब जाणकार होते, इंग्रजीचेच होते. वर्गात आल्या आल्या त्यांची नजर खिळ्यावरच्या वहीवर गेली. “कल्पना छान आहे,” म्हणाले. अक्षराचं कौतुक केलं. पानं उलटत त्या पानावर थांबले.

“हे कसं काय? खोडलंय ते बरोबर आहे, आणि ठेवलंय ते चूक.”

मुख्याध्यापक शेजारी उभे होते. मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्याच तपासणीच्या अहवालाबरोबर जायचा होता. पण सगळा दोष त्या कागदावर टाकला तर ते पुन्हा खोटंच होईल. मेंढपाळाच्या पोरीनं मला इंग्रजी दुरुस्त करून दिलं, हे चारचौघांत सांगणं मला जड गेलं. मी म्हणालो, “मी फळ्यावर चूक आणि बरोबर दोन्ही लिहून दाखवलं होतं साहेब. मुलीची उतरवताना चूक झाली. नको ते खोडलं तिनं.”

“कुठली मुलगी?”

ती उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी फळा पुसायला वळलो. फळ्यावर काहीच नव्हतं.

“बाळ, अक्षर चांगलं आहे,” साहेब म्हणाले. “पण बघून लिहावं.” आणि खिशातलं लाल पेन काढून त्यांनी तो शेरा लिहिला.

त्यानंतर तिनं वहीला हात लावला नाही. मी दुसऱ्या मुलाला लिहायला बसवलं. आठवड्याभरात तिचा बाप माझ्या खोलीवर आला. फेटा, खांद्यावर घोंगडी. चपला दाराबाहेर काढून उंबऱ्याशीच बसला.

“गुर्जी, पोरगी म्हणती साळंला जायचं न्हाय. इचारलं तर काय धड सांगना. काय झालंय व्हय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “दहावीचं वर्ष आहे. परीक्षेची भीती बसते मुलींच्या मनात.”

“मग घिऊन जातो मेंढरांमागं. जरा मोकळी हुईल. फुडं बघू.”

मी ‘नको’ म्हणालो असतो तर त्यानं ऐकलं असतं. त्या माणसाच्या लेखी माझा शब्द फार मोठा होता. तो तिला घेऊन गेला. परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत निघून गेली आणि ती पुन्हा शाळेत आली नाही. मी त्या वर्षी कायम झालो.

पुढच्या वर्षीपासून मी ॲडव्हर्बियल नीट शिकवू लागलो. तोंडी. त्या पानाला मात्र हात लावला नाही, कारण दुरुस्त करायचं तर का ते लिहावं लागलं असतं. कधीतरी कुणीतरी वही येरमाळ्याला नेऊन तिची झेरॉक्स काढली, आणि पुढं मुलं झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत राहिली. लग्नानंतर एकदा बायकोला सांगितलं होतं, “एक फार हुशार मुलगी होती, शाळा सोडून गेली.” ती म्हणाली, “अरेरे.” कशी गेली, कुणामुळं गेली, हे त्यात नव्हतं, आणि तरी वाक्य पूर्ण होतं. तिनं पुढं काही विचारलं नाही.

ती सून येऊन गेल्यावर तीन आठवडे मी काही केलं नाही. पेपर वाचला, गुडघ्याला तेल लावलं. मग एका रविवारी सकाळी लोहाऱ्याची एसटी धरली आणि तिथून सास्तूर. गाडीत मनाशी एक मोठं भाषण जुळवलं. त्यात ‘क्षमा’ हा शब्द तीन वेळा होता.

भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरांच्या ओळीत त्यांचं घर. पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये पाच-सहा मेंढरं, एक मोटारसायकल. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे झाले होते. डोळ्यांवर चष्मा. शेजारी पालथं घातलेलं दहावीचं भूगोलाचं पुस्तक.

“आत्या, सर आलेत,” सून आतून म्हणाली.

तिनं पदर सारखा केला. उठली नाही. “या सर. रस्ता सापडला म्हणायचा.”

मी खुर्चीवर बसलो. “तुम्ही...” म्हणून सुरुवात केली.

“तू म्हणा. तुमच्या तोंडून ‘तुम्ही’ ऐकलं की म्हातारी झाल्यावानी वाटतंय.”

भाषण कुठल्या कुठं गेलं. मी म्हणालो, “चूक तुझी नव्हती. तू लिहिलेलं बरोबर होतं आणि ते मला माहीत होतं. साहेबांपुढं मी खोटं बोललो. तुझ्या वडिलांनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो.”

तिचा शेंगा सोलणारा हात थांबला नाही. “मला ठावं हाय की. म्या तिथंच हुते.” मग सुनेकडं मान वळवून म्हणाली, “सांगायचं तर हिला सांगा. ही इचारत हुती.”

मी सुनेकडं वळून सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त अवघड गेलं, कारण सून मध्येच विचारत होती. “मग तवा तुमी फळा का पुसला?” असं. मला उत्तर द्यावं लागलं.

“आबांना म्या सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “मेंढरांमागं असताना. म्हणलं, सर खोटं बोलले. आबा म्हणले, गुर्जी कशाला खोटं बोलतील? मरस्तोर त्यांना वाटत हुतं, पोरगी अभ्यासाला भ्याली.”

ते भरून येण्यासारखं नाही. मेंढरू ओरडलं तसं तिनं मूठभर टरफलं त्याच्याकडं फेकली, हात झटकले आणि सुनेला म्हणाली, “ते बाड आण. आन् लाल पेन.”

नोट्सचं ते पान माझ्या मांडीवर आलं. “लिवा,” ती म्हणाली.

मी पेन उघडलं आणि तो शेरा खोडायला लागलो. घाईघाईत मी गिरगटायला सुरुवात केली.

“असं न्हाय,” ती म्हणाली. “एकच रेघ. खाली काय हुतं ते दिसाय पायजे.”

सुनेनं पट्टी आणून दिली. शेऱ्याला दोन ओळी होत्या, दोन रेघा मारल्या. तिच्या खोडलेल्या ओळींपुढं बरोबरची खूण केली. माझ्या नियमावरही रेघ ओढली. मग खाली लिहिलं: ‘चूक शिक्षकाची होती. विद्यार्थिनीने बरोबर लिहिले होते. मी ते खोडायला लावले आणि दोष तिला दिला.’ सही केली.

तिनं चष्मा वर सारून पान जवळ घेतलं. सावकाश वाचलं.

“कवा आन् कुणाम्होरं, ते न्हाय लिवलं.”

मी तिच्याकडं बघितलं.

“त्याच्याबिगर बी वाक्य उभं राहतंय, ठावं हाय मला,” ती म्हणाली. “तरी लिवा.”

मी ‘दोष’च्या आधी काकपदाची खूण केली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: ‘तपासणीच्या दिवशी, सगळ्या वर्गासमोर, माहीत असून’. शेवटचे दोन शब्द तिनं मागितले नव्हते.

“आता झालं,” ती म्हणाली, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा पिताना माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली. तुरीवर कीड आहे, मुलगा लातूरला कामाला आहे, सून पाठांतर घेताना फार दमात घेते, असं. मी निघालो तेव्हा तिनं भूगोलाचं पुस्तक बाजूला केलं आणि खालून इंग्रजीचं काढलं.

“पॅसिव्ह व्हॉइस काय माझ्या डोस्क्यात शिरंना. फुडल्या रविवारी येता का?”

मधल्या दिवसांत मी ते पान घेऊन येरमाळ्याला गेलो. देवीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांमुळं दुकानासमोर गर्दी होती. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी निघाला, मागच्या बाकावरचा. ज्या प्रतीवरून तो झेरॉक्स काढतो तिच्यातलं जुनं पान काढून मी नवं घातलं. त्यानं ते उभं-आडवं करून बघितलं.

“सर, लईच खाडाखोड हाय. टाइप करून देऊ का सोच्छ?”

“नको. असंच राहू दे.”

“पोरं इचारतील, हे काय म्हणून.”

“विचारू देत. माझा फोन नंबर लिहून घे.”

आजवर दोघांचे फोन आले. एका मुलीनं विचारलं, सर, हे खरं घडलंय का? मी सांगितलं, घडलंय. तिनं मग त्या मामाच्या वाक्याबद्दल अजून एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी पुस्तक बघून द्यावं लागलं.

सात रविवार झाले, मी सास्तूरला जातो. ती लवकर शिकते असं म्हणणार नाही. शेतातून आलेली असते, डुलकी लागते. पण शंका आली की अजून तशीच मान वर येते, आणि मला उत्तर येत नसेल तर मी ‘येत नाही’ म्हणतो. ती ‘मग बघून या’ म्हणते. पॅसिव्ह झाला. पत्रलेखन चालू आहे. अक्षर तेच आहे, थोडं मोठं झालंय.

परीक्षा मार्चमध्ये आहे, केंद्र लोहाऱ्याला. परवा मी म्हणालो, इंग्रजीच्या पेपरला मी येतो सोडायला.

“या की,” ती म्हणाली. “पर फाटकाच्या भाईर थांबा. आत आलात तर परत खोडाय लावचाल.”

सून हसत सुटली. मी एसटीचं वेळापत्रक बघून ठेवलंय. साडेसातची गाडी धरली तर वेळेत पोचतो.